कूलरची बाजू

कूलरला ‘गरिबाचा एसी’ म्हणणाऱ्यांनी मे महिन्यातली एक दुपार अकोल्यात किंवा चंद्रपुरात काढावी आणि मग बोलावं. माझं म्हणणं असं, की विदर्भाच्या उन्हाला तोडीस तोड कूलरच. एसी उन्हाशी भांडतो. कूलर उन्हालाच कामाला लावतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि तिची वसुली आत येणाऱ्या हवेकडूनच होते. म्हणून बाहेरची ४५ अंशांची कोरडी झळ ओल्या ताट्यांतून आत येईस्तोवर तिशीच्या आसपास उतरलेली असते. हवामान खातं ज्या पाऱ्याला सरासरीसुद्धा न बघता उष्णतेची लाट म्हणतं, त्या पाऱ्याला कूलरला खरा हुरूप येतो. हाच कूलर मुंबईत नेला तर तिथली हवा आधीच पाणी पिऊन बसलेली. कूलर फक्त घामात भर घालतो. त्यात दोष कूलरचा नाही, मुंबईचा आहे.

आवाज फार होतो, हा आक्षेप मला मान्य नाही. जेवणानंतर आडवं झालेल्या माणसाला कुणी काम सांगितलं तर ते ऐकूच येत नाही, आणि त्यासाठी खोटंही बोलावं लागत नाही. पाण्याचा आक्षेप मात्र खरा. टँकरच्या दिवसांत कूलरला बादल्या पाजताना जिवावर येतं. पण दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॉट खातो, घरगुती कूलर दोनशेच्या आसपास. आणि ती वीज करणारी कोराडी-चंद्रपूरची केंद्रंही काही कोरडी चालत नाहीत. शिवाय एसी खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडतो, हा खर्च बिलात येत नाही. डेंग्यूचा डास टाकीत वाढतो, हेही खरं. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करणं हा त्यावर उपाय, आणि ती कुणी करायची हा घरगुती प्रश्न. लोखंडी कूलरचा करंट मात्र थट्टेचा विषय नाही. प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नये, एवढं गंभीरपणे सांगतो.

राहता राहिला जून. पहिला पाऊस पडतो, हवा ओली होते आणि कूलर हात टेकतो. ते दोन-तीन उकाड्याचे आठवडे मी एसीवाल्यांना बिनशर्त देऊन टाकतो. फक्त तेवढ्या अवधीत त्यांना गॅस भरणारा मिस्त्री मिळाला पाहिजे.