दुसरी किल्ली

आमच्या बिल्डिंगमधल्या काकांनी बँकेत जन्म काढला, शेवटची अकरा वर्षं हेड कॅशियर म्हणून. तिजोरीची एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी यांच्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. सकाळी मॅनेजर आपली किल्ली घेऊन ताटकळत उभा आणि काका बशीतून सावकाश चहा पीत बसलेले. हा प्रसंग ते इतक्या चवीनं सांगतात, की ऐकणाऱ्याला फुरक्याही ऐकू येतात.

निवृत्तीनंतर त्यांनी लॅपटॉप घेतला. सुरू करून द्यायला आलेल्या मुलाला त्यांनी एकच प्रश्न केला, "यात ॲडमिन कोण?" तो म्हणाला, "तुम्हीच की." त्या दिवसापासून काका लॅपटॉपसमोर शर्ट घालून बसतात.

रविवारी दुपारी फोन. "वर ये. मशीनमध्ये कोणीतरी घुसलंय."

गेलो, तर सी ड्राइव्ह भरून लाल झालेला आणि काकांचं बोट विन-एसएक्सएस नावाच्या फोल्डरवर. "दहा जीबी! मी कधी आणलं हे?" डिलीट दाबून झालं होतं. उत्तर आलं होतं, की आधी ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी घ्या.

"हा कोण ट्रस्टेड? नंबर दे त्याचा."

म्हटलं, काका, तो माणूस नाही. विंडोजच्या मुख्य फाइली त्या खात्याच्या नावावर असतात, अपडेट आलं की तेच त्यांना हात लावतं. 2007 च्या व्हिस्टापासून हे असंच आहे. तुम्ही ॲडमिन खरे, पण एरवी तुमचं काम साध्या माणसाच्याच अधिकारात चालतं. पडदा काळवंडतो, 'यस' की 'नो' विचारतो, तुम्ही 'यस' म्हणता, तेवढ्या कामापुरते तुम्ही साहेब. कारण व्हायरस शिरतो तो तुमच्याच नावानं. तुम्हाला जे पुसता येईल, ते त्यालाही. ॲपलनं तर 2015 मध्ये रूटचेसुद्धा हात बांधले, आणि रूट म्हणजे तिकडचा चेअरमन. शिवाय हे दहा जीबी फुगलेले आहेत. एकच फाइल दोन ठिकाणी दिसते, म्हणून दोनदा मोजली जाते.

एवढ्या भाषणातलं काकांना एवढंच टोचलं. "म्हणजे बेरीज चुकलीय? आणि हे सही करणार माझ्या परवानगीवर?"

"पण काका, तुमचा मॅनेजरही तुमच्या किल्लीशिवाय—"

"ते वेगळं. तिथं दुसरी किल्ली माझ्याकडे होती."

इथं माझी जीभ घसरली. ॲडमिनला अशा फोल्डरची मालकी आपल्या नावावर करून घेता येते, हे मी बोलून गेलो. काका एकदम सावरून बसले. "डुप्लिकेट किल्ली! आमची दुसऱ्या शाखेत सीलबंद असायची." ते सील कधी फोडलं होतं का, असं मी विचारलं. "छे! नोकरी गेली असती." पण ही काही नोकरी नव्हती.

परवा जिन्यात भेटले. लॅपटॉप सुरूच होत नाही, दुकानात टाकलाय. दुकानदार पासवर्ड मागतोय. काकांनी अजून दिलेला नाही.