वनस्पतिचित्रांच्या वर्गातले गृहस्थ

वनस्पतिचित्रांच्या वर्गातला विद्यार्थी पुण्यात मुबलक आढळतो. वय साधारण एकसष्ट, पेन्शन नुकतंच सुरू झालेलं, उमेदीचा सगळा काळ राष्ट्रीयीकृत बँकेत गेलेला. निवृत्तांपैकी ज्यांचे गुडघे शाबूत असतात ते गडांवर जातात, ज्यांना गळा असतो ते सुगम संगीताला. उरलेल्यांतले काही इकडे वळतात. शाळेत असताना एलिमेंटरीला ‘सी’ ग्रेड मिळाल्याचं शल्य बहुतेकांच्या मनात असतं. तो हिशेब आता चुकता करायचा असतो, म्हणून वर्गाची फी दोन हप्त्यांत चालत असूनही हे गृहस्थ ती एकरकमी भरतात आणि पावती फायलीला लावतात.

पहिल्या तासाला मॅडमनी फक्त २एच पेन्सिल, खोडरबर आणि साधा कागद आणायला सांगितलेलं असतं. गृहस्थ दुकानच घेऊन येतात. ३०० जीएसएमचा शंभर टक्के सुती हॉट प्रेस्ड कागद, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, शिवाय कोलिन्स्की सेबलचा ब्रश. हॉट प्रेस्ड कागद गुळगुळीत असतो, त्यावर देठावरची लवसुद्धा काढता येते. पण एका तावाची किंमत ठाऊक असल्यामुळे त्यावर पेन्सिल टेकवायचा धीर होत नाही. तो कपाटात पैठणीखाली सपाट पडून राहतो आणि सराव जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर चालतो. ब्रशाची गोष्ट वेगळी. तो सायबेरियाकडच्या, दिसायला मुंगसासारख्या असलेल्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो, ही माहिती ते उत्साहाच्या भरात घरी सांगून बसतात. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरात त्या दिवसापासून ब्रश ओट्यावर धुवायला बंदी होते.

या कलेचे नियम मात्र त्यांना मनापासून मानवतात. चित्र शक्यतो वनस्पतीच्या मूळ मापात. उजेड वरून, डावीकडून. मागची जागा कोरी. पांढरा रंग लावायचा नाही, पांढरं हवं तिथे कागदच सोडायचा. मापं घ्यायला नातवाच्या कंपासपेटीतलं कर्कटक चालतं, आणि नातवाची भूमितीची परीक्षा असली तरी ते परत मिळत नाही. पहिला नमुना बहुधा जास्वंदीचा. पाच पाकळ्या, त्यांच्या बुडाशी पाच दातऱ्यांचा हिरवा पेला, त्याच्याखाली हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक बारीक कडं, मधोमध पुंकेसरांची लांब नळी आणि तिच्या टोकातून बाहेर डोकावणारे स्त्रीकेसराचे पाच लाल ठिपके. इथवर ताळा जमतो. पुंकेसर मोजताना दोनदा दोन वेगळे आकडे येतात; तिसऱ्यांदा मोजेपर्यंत संध्याकाळ होते आणि जास्वंद मिटते. फरक तसाच ठेवून झोपायची सवय नसल्यामुळे रात्री साडेनऊला मॅडमना फोन जातो.

पुढचा अडथळा हिरव्या रंगाचा. ट्यूबमधला तयार हिरवा वापरायचा नाही, निळा आणि पिवळा मिसळून तो आपला आपण बनवायचा, असा दंडक असतो. तयार हिरवा पानावर लावला की ते प्लास्टिकचं वाटतं, हे खरंच आहे. त्यासाठी चौकटी आखून तक्ता करायचा: आडवे निळे, उभे पिवळे, प्रत्येक घरात एक मिश्रण. हे काम गृहस्थ इतकं नीटस करतात, प्रत्येक चौकटीखाली प्रमाण आणि तारीख टाकून, की घरी आलेले पाहुणे त्या तक्त्यालाच चित्र समजून वाखाणतात. चित्रातली पानं मात्र बराच काळ शिजवलेल्या पालकाच्या रंगाची येत राहतात. लाल रंगाचा एक कण घातला की हिरवा शांत होतो, हे मॅडम पहिल्या दिवसापासून सांगत असतात.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. कुंपणावर कळलावी फुलते आणि गृहस्थ ती छत्रीच्या आडोशाने घरी आणतात. तिच्या सहा पाकळ्या कडांना चुण्या पडून मागे वळलेल्या असतात, सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले, स्त्रीकेसर काटकोनात वळून एका बाजूला गेलेला. पानाचं टोकसुद्धा लांब होऊन शेजारच्या काटकीला वेढा घालतं. एवढ्या भानगडीचं रेखाटन दोन दिवस चालतं. पण सुरुवातीला हिरवट पिवळ्या असलेल्या पाकळ्या हळूहळू लाल होत जातात, त्यामुळे रंग भरायला बसेपर्यंत समोर वेगळंच फूल असतं. खात्यात कोणी परस्पर फेरफार करावा, तसा गृहस्थांना राग येतो. उपाय म्हणून पुढची कळलावी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये जाते. ही वनस्पती सर्वांगाने विषारी, त्यातही कंद. “अहो, विरजणाशेजारी विष कोण ठेवतं?” या प्रश्नाला वनस्पतिचित्रकलेत उत्तर नाही.

वर्ष सरेपर्यंत बोलणं बदलतं. शेवंतीला ते फूल म्हणत नाहीत, पुष्पविन्यास म्हणतात. तिची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल असतं, म्हणून देवाला एक शेवंती वाहिली तरी शेकडो फुलं पोचतात, हे ते सत्यनारायणाच्या गुरुजींना पूजा थांबवून समजावतात. दापोडीवरून गाडी गेली की सहप्रवाशाला दापुरीच्या बागेची हकीकत ऐकावी लागते: अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरने १८४७ ते १८५० या काळात इथल्या बागेतल्या झाडांची चित्रं एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून करून घेतली, ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत आणि चित्रकाराचं नाव कुठेच नाही. या अन्यायाची गृहस्थांना फार चीड. स्वतःच्या कागदावर ते सही आधी करतात, तीही धनादेशावर करायचे तशी, वेलांटीखाली दोन टिंबं देऊन.

बॅचच्या अखेरीस प्रदर्शन भरतं. नातलग येतात, वडे खातात आणि “अगदी फोटोसारखं!” म्हणतात. गृहस्थांना हे लागतं, आणि लागायलाच हवं. कळी, उमललं फूल, फळ, बी आणि उभा छेद एकाच कागदावर, सगळं सारखंच स्पष्ट, हे एका फोटोला साधत नाही. म्हणून कॅमेरा येऊन इतका काळ लोटला तरी वनस्पतिशास्त्रज्ञ चित्रकाराला सोडत नाहीत. गृहस्थांची पानं अजून थोडी लाकडी वाटतात, हे कबूल. पण पानावरच्या शिरा जिथून निघायला हव्यात तिथूनच निघालेल्या असतात, आणि सोसायटीच्या फाटकाशी वर्षानुवर्षं ‘ते झाड’ म्हणून उभा असलेला सीताअशोक आता निदान एका सभासदाला नावानिशी ओळखता येतो.

अशा गृहस्थांच्या वाढदिवसाला कोणी फुलांचा गुच्छ नेऊ नये. तो फ्रिजमध्ये जातो, आणलेलं श्रीखंड बाहेर राहतं, आणि देठांची मापं घेऊन होईपर्यंत चहा मिळत नाही. त्यापेक्षा एक चांगलं खोडरबर द्यावं.