तलावांचा निकाल

पावसाळा लागला की मुंबईच्या पेपरांत सात तलावांची टक्केवारी दहावीच्या निकालासारखी छापून येते. कसाऱ्याच्या फलाटावर आम्ही ती अभिमानानं वाचतो. त्यातली काही पोरं आमच्या मुलखातली ना! तानसा १८९२ सालचा, मोडकसागर १९५७चा, आणि भातसा तर एकटा मुंबईचं जवळपास निम्मं पाणी पुरवतो. तिघेही शहरात कमावते. घरी मनीऑर्डर तेवढी येत नाही.

यंदा म्हटलं, नुसती टक्केवारी काय बघायची, गुणवत्ताही बघू. शेजारपाजारच्या तलावांशी तुलना केली. पवई दरवर्षी लवकर भरतो, ओसंडतो, पेपरात फोटो येतो. पण अंगावर जलपर्णी आणि पाणी पिण्यालायक नाही; ते आरे वसाहतीला आणि कारखान्यांना. ठाण्याच्या मासुंद्यात नौकाविहार, काठावर भेळ, दिवाळीला दिव्यांची आरास. त्याचंही पाणी कुणी तोंडात घेत नाही. आमच्या तानशाभोवती मात्र अभयारण्य. थोडक्यात, शहरातले हे तलाव बघायचे आणि आमचे प्यायचे. कुणी प्यायचे, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

आता आमच्याकडच्या पाण्याची गुणवत्ता. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर ठरलेत आणि पाणी तपासायला गावातल्या पाच बायांना शिकवायचं, असंही ठरलंय. मे महिन्यात एका पाड्यावर मी ही तपासणी पाहिली. टँकरवाल्यानं पाईप थेट विहिरीत सोडला. तळाचा गाळ ढवळून वर आला, पाण्याला उकळत्या चहाचा रंग चढला. कडेला पन्नासेक हंडे, कळश्या, तेलाचे डबे. तपासणीची पेटी उघडून बसलेली ताई हातात बाटली घेऊन म्हणाली, "जरा थांबा गं, नमुना घेते." कळशी दोराला बांधता बांधता म्हातारी म्हणाली, "बाय, तू नमुना घेशील, तवर विहिरीत नमुन्यापुरतंच उरंल." तपासणी तहकूब झाली. पाणी लुगड्याच्या चार पदरी घडीतून गाळलं गेलं, तुरटी फिरली, आणि गुणवत्ता सिद्ध झाली.

उपाय नाही असं नाही. आमच्या शहापूर तालुक्यातल्या गावांसाठी भावली धरणातून पाणी आणायची योजना आहे. भावली इगतपुरी तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात, घाटाच्या वर. म्हणजे शहापूरचं पाणी मुंबईला आणि नाशिकचं शहापूरला. नाशिककरांना कुठलं, ते यथावकाश कळेल.

तोवर मुंबईच्या पाव्हण्यांना एवढीच विनंती. सुट्टीला कसारा लोकलनं येताना पेढे, फरसाण काही आणू नका. घरच्या नळाचं पाणी दोन बाटल्या भरून आणा. तानशाची चव कशी असते, ते आम्हालाही एकदा बघू द्या.