पावण्यातून पाठवणी

विद्यार्थ्याला परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शन करायचे तर सर्वांत आधी पाटी लागते. 'परदेशी शिक्षण मार्गदर्शन कक्ष' अशी ती असावी आणि नॅकची समिती यायच्या आधल्या आठवड्यात लावलेली असावी. पाटीमागे खोली असल्यास उत्तम, नसल्यास जिमखान्याच्या कपाटाशेजारी एक टेबल चालते. कक्षप्रमुख म्हणून ज्याचा पासपोर्ट कोरा आहे असा प्राध्यापक नेमावा. माझा कोरा होता, म्हणून मी नेमला गेलो.

प्रस्तुत सूचना ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या सहकाऱ्यांसाठी आहेत. आपल्याकडे मुले येतात ती पावणे, तुर्भे, महापे अशा गावांतून. गावाला एमआयडीसीचा वेढा असल्यामुळे या मुलांची रसायनशास्त्राशी ओळख आधी नाकाने होते आणि मग पुस्तकाने. कागदपत्रांत गावाचे नाव कुठे पावणे, कुठे पावने असते. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे असल्याने परदेशातून उत्तर येते ते 'प्रिय पाटील' असे, आणि तेव्हा वर्गातली निम्मी मुले वळून बघतात.

विद्यार्थी पहिल्यांदा आला की 'कुठे जायचे?' असे विचारावे. तो कुठल्याही देशाचे नाव घेवो, आपण 'मागच्या वर्षी आपला एक जण गेला तिकडे' म्हणावे. त्याचे पुढे काय झाले, हे मात्र आपणच काढू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तर चुकूनही बघू नये. अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरला वर्ग भरायचे तर बऱ्याच ठिकाणी अर्ज आधीच्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, म्हणजे तयारीला दुसऱ्या वर्षातच हात घालावा लागतो. शिवाय तीन वर्षांच्या बीएस्सीवर तिथली बरीच विद्यापीठे नाक मुरडतात, त्यांना सोळा वर्षांचे शिक्षण लागते. ही माहिती दुसऱ्या वर्षी दिली तर मूल खरोखरच जाण्याचा धोका असतो. ती तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत द्यावी. त्या वेळी ती देणाऱ्याला काही करावे लागत नाही.

शिफारसपत्राची रीत ठरलेली आहे: 'तूच लिहून आण, मी सही करतो.' एका आठवड्यात मी अशा तीन पत्रांवर सह्या केल्या. तिन्ही विद्यार्थी 'माझ्या पंचवीस वर्षांच्या सेवेतील सर्वोत्कृष्ट' होते. माझी सेवा तेव्हा अकरा वर्षांची होती. चौथे पत्र पावण्याच्या एका मुलीचे. स्वतःबद्दल लिहायची लाज वाटून तिने लिहिले होते, 'ही मुलगी बऱ्यापैकी आहे.' ते सुधारायला बसलो, तेव्हा ध्यानात आले की तिच्या हजेरी क्रमांकापलीकडे मला तिच्याबद्दल काहीच ठाऊक नाही. सही करून दिली.

आपल्याकडे या क्षेत्राची परंपरा मोठी आहे. गोपाळराव जोशींनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापून आले, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे थांबल्या असताना वाचले. 1883 साली आनंदीबाई निघाल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. तात्पर्य, कक्ष उघडण्यापेक्षा दातांच्या दवाखान्यात मासिके टाकणे जास्त फलदायी.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण सांगताना मात्र जपावे. बडोदा संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते 1913 मध्ये न्यूयॉर्कला गेले, 1916 मध्ये लंडनला. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली होती, ते पाणतीराने बुडाले. लंडनला पुन्हा जायला 1920 उजाडले. हे सांगितले की हुशार पोर लगेच विचारते, 'सर, आपले पैसे कुठपर्यंत पुरतील?' याचे उत्तर आपल्यापाशी नसते. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, जागा 75. तिची सूचना फलकावर जरूर लावावी. आमच्याकडे ती मुदत संपल्यावर लावतात, फलकाची किल्ली शिपायाकडे असते.

बऱ्यापैकी मुलीला जर्मनीत रसायनशास्त्र शिकायचे होते. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नसते, हे तिनेच मला सांगितले. एक दिवस ती वडिलांना घेऊन आली. ते गावामागच्याच एका कंपनीत ऑपरेटर. रात्रपाळी करून थेट आले होते, सेफ्टी शूज बाहेर काढून बसले. पालकांवर छाप पडावी म्हणून आकडेमोड करावी, या नियमाप्रमाणे मी पोरीचे गुण जर्मन पद्धतीत बसवून दाखवले. तिकडे एक म्हणजे सर्वोत्तम आणि चार म्हणजे काठावर पास. दहातून 8.2 वजा केले, उरलेल्याला तीनाने गुणले, सहाने भागले, एक मिळवला. उत्तर 1.9.

"आठ पॉइंट दोनचं एक पॉइंट नऊ झालं? मंग बाकीचं गेलं कुठं?"

विषय बदलावा म्हणून मी ब्लॉक्ड अकाउंट काढले. वर्षाचे 11,904 युरो आधीच तिकडच्या खात्यात ठेवायचे, हे मला स्वतःला चार वेळा वाचूनही नीट उमगले नव्हते. त्यांना पहिल्या वाक्यात उमगले. "म्हंजे डिपॉझिट. भाडेकरूकडनं घेतो तसं." दरमहा 992 युरो मुलीच्याच हातात परत येतात म्हटल्यावर "मंग बरं हाय" म्हणाले.

खरी अडचण त्यांच्या त्याच भाड्याने दिलेल्या घराची होती. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका तारण मागतात. गावठाणात तीन मजली घर, खाली दोन भाडेकरू, दर्शनी भिंतीला चकचकीत टाइल्स. प्रॉपर्टी कार्ड नाही. सरकारी भाषेत असे घर 'गरजेपोटी बांधलेले' असते, आणि बँकेच्या भाषेत ते नसतेच. मामाचा उरणकडचा, संपादित जमिनीपोटी मिळालेला साडेबारा टक्क्यांचा भूखंड होता, पण त्याला वारस सात, त्यातले दोघे एका हळदीपासून एकमेकांशी बोलत नव्हते. मार्गदर्शनाच्या कुठल्याही पुस्तिकेत या दोघांना बोलते कसे करावे ते दिलेले नाही.

मग त्यांनी कॅलेंडर मागितले. कक्षात नव्हते, म्हणून मोबाइलवर काढून दिले. "प्लांटचा शटडाउन असला का आम्ही उलटं मोजतो. चालू कवा करायचाय, तिथनं मागं या." ऑक्टोबरला तिकडे वर्ग. त्याआधी व्हिसा. त्याआधी ते डिपॉझिट, म्हणजे कर्ज, म्हणजे मामा. बऱ्याच ठिकाणी अर्जाची शेवटची तारीख 15 जुलै. अर्जासोबत एपीएस नावाचे प्रमाणपत्र, 2022 पासून सक्तीचे. त्याच्या अर्जाला गुणपत्रिका. मुलगी एकेक नाव सांगत होती, ते जाड अंगठ्याने महिना मागे सरकवत होते. अंगठा एका जागी थांबला.

"यो तं गेल्या महिन्यात व्हायला पायजे होता, सर."

गेल्या महिन्यात आम्ही पाटी लावत होतो.