देखणेपणाला माफी नको

छत्तीसगडमधल्या नंदिनी नगरात भिलाई पोलाद कारखान्यासाठी चुनखडी खणली जाते. जमीन खणली, उघडी पडली की पावसाबरोबर तिथे गाजर घास हजर. महाराष्ट्रात आपण तिला गाजर गवत म्हणतो. १९५०च्या दशकात पुण्यात ती अभ्यासकांच्या डोळ्यांत भरली आणि आज देशभर पसरली आहे. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया. अंगाला लागली की खाज, फुलली की दमेकऱ्यांचे हाल. तिचा कैवार कुणी घेत नाही.

तिच्याच सूर्यफूल कुळातला, तिच्यासारखाच अमेरिका खंडातून आलेला पिवळा कॉसमॉस मात्र आपला लाडका! पुण्याच्या टेकड्यांवर, मुळशीच्या परिसरात पावसाळा सरता सरता नारिंगी-पिवळे उतार दिसतात आणि गाड्या थांबतात. फोटो निघतात, ‘आपली फुलांची दरी’ म्हणून फिरवले जातात. ती दरी आपली नाही. आपली आहे ती सोनकी, तेरडा, कारवी. कॉसमॉस दाट माजतो तिथे या झाडांना ऊन मिळत नाही, जागा उरत नाही. सोनकीही पिवळीच, म्हणून ती नाहीशी झालेली लांबून कळतसुद्धा नाही.

कॉसमॉसचं हे तण वाऱ्याने समुद्र ओलांडून आलेलं नाही. बागेसाठी आपणच आणलं, बियांची पाकिटं आपणच विकत घेतली, रस्त्याकडेला शोभेसाठी आपणच पेरलं. मग रस्ता रुंद करताना डोंगर कापला आणि त्याला मोकळं रान दिलं.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने गाजर घास जागृती सप्ताह होतो. तो हवाच, पण तण आठवडाभर उगवून थांबत नाही. आणि कॉसमॉससाठी तर असा सप्ताह ऐकिवातही नाही.

उपाय साधा आहे, कष्टाचा आहे. बी धरण्याआधी मुळासकट उपटा. गाजर घासेला हात लावताना हातमोजे घाला. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा, कारण मातीत जुनं बी दडलेलं असतं. नगरपालिकांनी आणि रस्ते खात्याने कॉसमॉस पेरणं आजच बंद करावं. रोपवाटिकांनी तो विकू नये, आपण मागू नये. सह्याद्रीत फुलं पाहायला जाणाऱ्याने आधी सोनकी ओळखायला शिकावं. जे ओळखता येत नाही, त्याची राखण कुणीच करत नाही.