खोलून पाहणारे भाऊ

आंधळगावचे भाऊ बिघडलेली वस्तू दुरुस्त करत नाहीत, खोलतात. दुरुस्ती झालीच तर ओघाने. पंखा, पाण्याची मोटर, सासऱ्यांचं कानाचं यंत्र, सगळं त्यांच्या ओट्यावर पसरून झालेलं आहे. याचं कारण खानदानी. आजोबा कोशाच्या साड्या विणायचे. मागावर धागा तुटला की तिथेच सांधायचा, त्यासाठी नागपूरहून कुणी इंजिनिअर येत नसे. भाऊ मागावर कधी बसले नाहीत, ताठा मात्र घेतला. ‘मानसानंच बनवलं ना? मंग मानूसच खोलंन.’

अशा माणसाने जुनी परदेशी गाडी घेऊ नये. भाऊंनी घेतली. स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर तरंगणारी. ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त पडली म्हणून वहिनी गप्प राहिल्या. पुढे गाडीच बसायला लागली. रात्री उभी, सकाळी नाक जमिनीला. बटण दाबलं की खालून घुर्रर्र, आणि थोड्या वेळाने तेही नाही. तापला की आपोआप बंद पडायची सोय कारखान्याने कॉम्प्रेसरला दिलेली असते, मालकाला नाही.

नव्या कॉम्प्रेसरची किंमत ऐकून भाऊंनी पेचकस काढला. ‘साधे स्प्रिंग टाकून घ्या ना,’ असं कुणीतरी सुचवून पाहिलं. सूचना अडाणी नव्हती. १९५७च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूहॅमला हवेचंच सस्पेन्शन होतं, आणि कित्येक अमेरिकन मालकांनी गळतीला कंटाळून हेच केलं. भाऊंना मात्र तो घराण्याचा अपमान वाटला.

ओट्यावर कॉम्प्रेसर उघडला. पिस्टनची टेफ्लॉन रिंग झिजलेली. रिंग झिजली की दाब बनत नाही, म्हणून मोटर पळत राहते, म्हणून तापते. शेजारच्या डबीकडे बोट दाखवून ट्रकचा मेस्त्री म्हणाला, ‘हे तं आपल्या एअर ब्रेकवालं ड्रायर!’ आत सिलिका जेलचे पांढरे दाणे, हवेतला ओलावा शोषणारे. धानाच्या मुलखातल्या पावसाळ्याने ते तुडुंब प्यायलेले. भाऊंनी ते जुन्या कढईत मंद आचेवर सुकवले (ही रीत बरोबर आहे) आणि गार व्हायला वाटीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी एकादशी. वहिनींनी वाटीत पाणी ओतलं.

‘अवो, साबुदाना तडतडून राहिला!’

‘म्हंजे चांगला सुकला,’ भाऊ समाधानाने म्हणाले.

उपास शेंगदाण्यांवर भागला. नवी रिंग आणि नवे दाणे दिल्लीच्या काश्मिरी गेटहून पार्सलने आले. सगळं बसवलं, बटण दाबलं, गाडी डौलात उठली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी नाक पुन्हा जमिनीला.

मेस्त्रीने बादलीत साबण कालवून फुग्यावर ओतला. रबराच्या घडीतून बुडबुडे. मूळ दुखणं ते होतं. गळक्या फुग्याला रात्रंदिवस हवा पुरवता पुरवता कॉम्प्रेसर झिजला, आणि नवी रिंगही त्याच वाटेने जाणार.

‘भाऊ, हे पहिल्याच दिवशी साबनानं समजलं असतं.’

‘मंग कॉम्प्रेसर आतून पाह्यला कसा भेटला असता?’

शिवाय त्यांनी एक पाहून ठेवलं होतं: मोटरचे कार्बनही अर्धे झिजलेले. आकाराने साधारण घरच्या मिक्सरच्या कार्बनांएवढे. माप घ्यायला ते स्वयंपाकघरात शिरले, तर मिक्सर जागेवर नव्हता. वहिनींनी तो आदल्या रात्रीच शेजारी पोचवला होता.