पैठण गेट सर्वबाद १३८

उन्हाळ्यात संध्याकाळी काका ओट्यावर बसलेले दिसले की आमच्या गल्लीतला शहाणा माणूस मोबाइल कानाला लावून पुढे सटकतो. मी तेवढा शहाणा नाही. "ये, बस. फायनल ऐकलीस का?" असं काकांनी म्हटलं की मी बसतो आणि तास-दीड तास अख्ख्या हंगामाचा आढावा ऐकतो. मकई गेट कसं वर आलं, दिल्ली गेटनं ऐन वेळी कशी माती खाल्ली, रोशन गेटच्या लेखापालाला फॉर्म कुठे सापडला आणि कुठे हरवला. यातला एकही सामना कुठल्या मैदानावर झालेला नसतो. आमखासवर नाही, गारखेड्याच्या क्रीडा संकुलात तर नाहीच. सगळे सामने काकांच्या पुढच्या खोलीत, टेबलावर, एका पुस्तकात होतात.

पुस्तक-क्रिकेट कसं खेळतात हे सांगायची खरं तर गरज नाही, पण पहिल्या बाकावर बसणारेही हे वाचत असतील. पुस्तक मधूनच उघडायचं. डाव्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. दोन, चार, सहा म्हणजे तेवढ्या धावा. आठ आला तर एक. शून्य आला की आऊट. आपण सगळे हे दहावीपर्यंत खेळतो आणि मग पोटापाण्याच्या मागे लागतो. काका पोटापाण्याला लागल्यावर खेळायला लागले. कोषागारात लेखापाल होते. १९९४ साली बदली झाली कन्नडला. भाड्याची खोली, टीव्ही नाही, संध्याकाळ सरता सरत नाही आणि उशाशी वित्तीय नियमांचं जाडजूड पुस्तक. पहिला हंगाम त्या नियमांवर खेळला गेला. यंदा ३१वा झाला.

संघ आठ. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात आपल्याला, तेव्हा नावांची ददात नव्हती: भडकल, पैठण, दिल्ली, रोशन, मकई, जाफर, काला आणि रंगीन. प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ म्हणजे ५६ सामने, वर दोन उपांत्य आणि एक अंतिम, एकूण ५९. पुढं २००८ साली आयपीएल आली, तीही आठ संघांची आणि ५९ सामन्यांची. "मी काही बोललो का?" काका विचारतात. नाही बोलले. पण दर वर्षी एवढं विचारतात.

खेळाडूंना नावं नाहीत, पदं आहेत. नावं ठेवली की जातीपासून भाऊबंदकीपर्यंत सगळं संघात शिरतं, असा काकांचा अनुभव. म्हणून प्रत्येक संघाचा कर्णधार तहसीलदार, उपकर्णधार नायब तहसीलदार, सलामीला अव्वल कारकून आणि मंडळ अधिकारी, मधल्या फळीत लेखापाल, रोखपाल, तलाठी, आणि अकराव्या नंबरावर शिपाई. लिलाव वगैरे थेरं नाहीत. हंगाम संपला की बदल्यांचे आदेश निघतात, आवक-जावक क्रमांकासकट. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झालेला फलंदाज महिनाअखेरीला नारळ घेऊन निवृत्त होतो. एकदा काला दरवाजाचा रोखपाल ९४ धावांवर नाबाद असताना निवृत्त झाला. "दुसऱ्या दिवशी एक तारीख होती," काका म्हणाले. यावर काय बोलणार?

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं हिशेब मांडला की पाचांत एकदा शून्य येणार, म्हणजे गडी बाद होण्याआधी सरासरी चार वेळा धावा मिळणार, दर वेळी सव्वातीन. एका गड्याच्या १३, दहा गड्यांच्या १३०. "काका, कुठलाही संघ घ्या, सरासरी १३०च. तुमच्या लेखापालाला फॉर्मबिर्म काही नसतो." काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की पोरगं खाली बघून पोहे खायला लागलं. मग त्याला आत नेऊन रजिस्टरं दाखवली. एकतीस हंगामांची सरासरी १२७. "हे जे तीन कमी आहेत ना," काका म्हणाले, "ते पीचमुळे."

पीच म्हणजे पुस्तकाची बांधणी. हंगामात जवळपास सहा हजार वेळा पुस्तक उघडावं लागतं. एवढ्यानं कुठलीही शिवण सैल पडते आणि मग पुस्तक पुन्हा पुन्हा त्याच पानावर फाटक उघडल्यासारखं उघडतं. ते पान शून्याचं असलं की डाव कोसळलाच. वित्तीय नियम तीन हंगाम टिकले. टेलिफोन डिरेक्टरी ही काकांच्या मते भारतातली सर्वोत्तम पाटा खेळपट्टी. मोबाइल आले आणि तीही गेली. एका वर्षी काकूंचं पाककृतीचं पुस्तक घेतलं, तर ते कुठूनही उघडलं तरी चकलीवर. तेलानं पानं चिकटलेली. काका त्याला ओली खेळपट्टी म्हणतात, आणि काकू त्या हंगामाबद्दल अजून बोलत नाहीत. आता दर दिवाळीआधी काका औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात अंगठ्यानं पुस्तकं उघडून बघत उभे असतात. दुकानदार विचारतो, कुठलं हवं? काका म्हणतात, कुठलंही, पण पाचशे पानांच्या वर.

काकांचा स्वतःचा संघ पैठण गेट, कारण लहानपण त्या बाजूला गेलं. पैठण गेटनं एकदाही विजेतेपद मिळवलेलं नाही. भडकलनं अकरा वेळा मिळवलं. काकांना त्यात नवल वाटत नाही, कारण तो दरवाजाच मुळी मलिक अंबरनं १६१२ साली विजयाची खूण म्हणून बांधलेला. भाच्यानं पुन्हा गणित केलं: आठ सारख्या ताकदीचे संघ असताना एखादा ३१ वर्षांत एकदाही जिंकू नये, असं शंभरात दोनदासुद्धा घडत नाही. काका म्हणाले, "घडलं ना पण."

त्याच पोरानं त्यांना रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन लेखकाच्या १९६८ सालच्या कादंबरीची गोष्ट सांगितली. तिच्यातला नायक असाच एकटा, रात्री फासे टाकून बेसबॉलची आख्खी लीग चालवणारा, हंगामामागून हंगाम लिहून ठेवणारा. त्याचा लाडका खेळाडू फाशांच्या एका दानानं मैदानावर मरतो आणि तो इतका कळवळतो, की बदला घ्यायला पुढं एकदा फासा हातानंच हवा तसा ठेवतो. काका लक्ष देऊन ऐकत होते. "नोकरी काय करायचा?" त्यांनी विचारलं. अकाउंटंट, भाचा म्हणाला. काकांना हे फार लागलं. "लेखापाल असून हात लावला?"

तर यंदाची फायनल. मे महिना, दुपारचे तीन, पंखा पाचावर. भडकल सर्वबाद १४१. पैठण गेट ९ बाद १३८, जिंकायला चार हव्यात आणि समोर शिपाई. काकांनी पुस्तक उघडलं. पान २४६. षटकार! एकतीस वर्षांनी. काकांचा अंगठा पानावर टेकणार, तेवढ्यात आतून काकू ओरडल्या, "अहो, नळ आला!"

आपल्या शहरात ही आरोळी ऐकून जागचा न हलणारा माणूस नाही. जायकवाडी भरलेली असो की नसो, नळ इथं दिवसाआड येत नाही, दिवस दिवस सोडून येतो. काका अर्धे उठले, हात उचलला गेला आणि पंख्यानं दोन पानं उलटली. २५०.

लीगचा चौदावा नियम: अंगठा टेकेपर्यंत चेंडू पूर्ण झाला असं समजू नये.

मोटर लावून, टाकी भरून, बादल्या भरून काका परत आले तेव्हा पान २५० तसंच उघडं होतं. खोलीत कोणी नव्हतं. काकूच म्हणाल्या, "लिहून टाका की सहा. कोण बघतंय?" काकांनी अंगठा टेकवला आणि लाल शाईनं नोंद केली: शिपाई, त्रिफळा, ०. पैठण गेट सर्वबाद १३८. भडकल ३ धावांनी विजयी.

"शिपायाची चूक नव्हती," एवढंच ते मला म्हणाले.

मला त्यांचं रजिस्टर आठवलं. शहराचं नाव बदललं तेव्हा काकांनी चालू रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर नवं नाव सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवलं, जुनी रजिस्टरं आहेत तशीच ठेवली. झालेल्या नोंदीवर खाडाखोड चालत नाही.

परवा ओट्यावर त्यांनी नियमावलीत नव्यानं घातलेलं कलम वाचून दाखवलं. सामना सुरू असताना पंखा बंद ठेवण्यात यावा. सदर नियम पुढील हंगामापासून अमलात येईल. पूर्वलक्षी प्रभावाने लागू होणार नाही.

"म्हणजे पुढच्या मेमध्ये मी माहेरी," आतून काकू म्हणाल्या.